मेल सर्व्हरचे बाउन्स मेल: धोके कसे ओळखावेत आणि कसे आवरावेत

ई-मेल पोहोचला नाही तर तसे कळवणारा बाउन्स मेल येतो आणि ही सोय प्रत्येकाला हवीच असते. मात्र हा बाउन्स कोणाला पाठवायचा हे सर्व्हर ज्या पत्त्यावरून ठरवतो, तो पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे की नाही याची कोणतीही पडताळणी मूळ एसएमटीपी प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याच्या नियमावलीत, नाही. १९८२ मध्ये त्या नियमावलीचा दस्तऐवज, आरएफसी ८२१, लिहिला गेला तेव्हा नेटवर्कवरील मंडळी मोजकी होती आणि खोटा पत्ता टाकून कोणाला काही मिळणारही नव्हते. आज स्पॅम पाठवणारा कोणा तिसऱ्याच व्यक्तीचा पत्ता टाकतो, आपला सर्व्हर तो मेल आधी स्वीकारतो, मग 'असा कर्मचारी येथे नाही' असे त्याच्या लक्षात येते आणि तो इमानेइतबारे त्या तिसऱ्या, निरपराध व्यक्तीला बाउन्स पाठवून देतो. अशा भलत्याकडे गेलेल्या बाउन्सला 'बॅकस्कॅटर' म्हणतात.

हे मार्गदर्शन स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या नागपुरातील संस्थांसाठी आहे. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतील मध्यम कारखाने, वर्धा रोडवरील वाहतूक कंपन्या, काही शिक्षणसंस्था अशा ठिकाणी सर्व्हर एखाद्या व्हेंडरने बसवून दिलेला असतो आणि मेल येतो-जातो आहे तोवर त्याकडे कोणी पाहत नाही. उदाहरणे मुख्यतः पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरची दिली आहेत, कारण अशा ठिकाणी तोच अधिक आढळतो; तत्त्व मात्र सर्वत्र एकच आहे. नाकारायचा मेल एसएमटीपीचे संभाषण सुरू असतानाच नाकारावा. एकदा स्वीकारून नंतर परत पाठवू नये.

धरमपेठेतील एखाद्या फ्लॅट स्कीमच्या फाटकावर कुरिअरवाला आला आणि वॉचमनने तेथल्या तेथे 'या नावाचे कोणी राहत नाही' असे सांगितले, तर पार्सल कुरिअरवाल्याच्याच हातात राहते. वॉचमनने ते ठेवून घेतले आणि संध्याकाळी त्यावरील 'प्रेषक' पाहून पोस्टाने परत पाठवले, तर तो पत्ता खोटा असल्याचा भुर्दंड भलत्यालाच पडतो. सर्व्हरचेही असेच आहे. संभाषणादरम्यान ५५० हा कोड देऊन नकार दिला की, पलीकडे प्रामाणिक सर्व्हर असल्यास तो आपल्याच ग्राहकाला बाउन्स देतो, म्हणजे सूचना योग्य माणसाला मिळते. पलीकडे स्पॅम पाठवणारा बॉट असल्यास तो नकार गिळून पुढच्या पत्त्याकडे वळतो आणि कोणालाच काही जात नाही. उलट आपण २५० म्हणून मेल स्वीकारला की तो पोहोचवण्याची किंवा न पोहोचल्याचे कळवण्याची जबाबदारी नियमाने आपल्यावर येते. सध्याचा आरएफसी ५३२१ हेच सांगतो.

धोके नेमके कोणते

पहिला धोका प्रतिष्ठेचा आहे. बॅकस्कॅटर पाठवणाऱ्या सर्व्हरचे आयपी पत्ते काही ब्लॅकलिस्ट स्वतंत्रपणे नोंदवतात. स्पॅमकॉपसारखी सेवा भलत्याकडे गेलेल्या बाउन्सच्या तक्रारीही स्वीकारते. यादीत नाव गेले की आपली खरी कोटेशन्स, निविदेची कागदपत्रे आणि पगारपत्रके ग्राहकांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या स्पॅम फोल्डरमध्ये पडू लागतात, आणि कारण शोधताना 'आपण तर स्पॅम पाठवतच नाही' या समजुतीमुळे तपास भलत्या दिशेने जातो.

दुसरा धोका असा की आपला सर्व्हर इतरांवरील हल्ल्याचे साधन बनतो. बाउन्समध्ये मूळ मेल अटॅचमेंटसह जोडण्याची पद्धत असेल, तर व्हायरस असलेली फाइल आपल्या चांगल्या नावाच्या सर्व्हरवरून तिसऱ्याच्या इनबॉक्समध्ये उतरते. श्टेफान फ्राय आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यातील आणखी एक प्रकार मांडला होता. एकाच मेलमध्ये अनेक खोटे प्राप्तकर्ते टाकायचे आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र बाउन्स काढणाऱ्या सर्व्हरकडून एकाच बळीवर मारा करवून घ्यायचा. हिशोब साधा आहे. ३ एमबीचा मेल आणि १०० अस्तित्वात नसलेले पत्ते असतील, तर हल्लेखोराचे ३ एमबी खर्च होतात आणि आपले ३०० एमबी. १० एमबीपीएसची लीज्ड लाइन असलेल्या कार्यालयाची संपूर्ण लाइन एका मेलसाठी सुमारे ४ मिनिटे अडते, आणि हल्लेखोर एकच मेल पाठवून थांबत नसतो.

तिसरा धोका माहिती फुटण्याचा आहे आणि माझ्या मते तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. प्रमाणित बाउन्सचे तीन भाग असतात: माणसाने वाचायचा मजकूर, यंत्राने वाचायचा अहवाल आणि मूळ मेल किंवा त्याचे हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाच्या नोंदी असलेला वरचा भाग. यंत्राच्या अहवालात 'फायनल रेसिपिएंट' अशी ओळ असते. समजा, कंपनीच्या 'खरेदी' या पत्त्यावरचा मेल मालकांच्या खासगी जीमेलवर फॉरवर्ड होतो आणि ते जीमेल भरलेले आहे. तर बाउन्समधून मालकांचा खासगी पत्ता कोणाही अनोळखी माणसाला कळतो. हेडरमधून अंतर्गत सर्व्हरची नावे आणि आयपी पत्ते, कधी स्पॅम फिल्टरची आवृत्तीसुद्धा बाहेर जाते. पुढचा हल्ला आखणाऱ्याला घरबसल्या नकाशा मिळतो.

चौथा प्रकार सर्व्हरपेक्षा माणसांशी संबंधित आहे. रोज डझनभर निरर्थक बाउन्स पाहण्याची सवय झालेला कर्मचारी 'आपले ५ मेल अडकले आहेत, सोडवण्यासाठी येथे क्लिक करा' अशा बनावट बाउन्सला सहज फसतो. खऱ्या बाउन्समध्ये पासवर्ड मागणारी लिंक नसते, एवढे सर्वांना एकदा स्पष्ट सांगून ठेवावे.

आधी तपासणी

तपासणी कार्यालयाच्या नेटवर्कमधून करू नये. आतल्या यंत्रांना सर्व्हर वेगळी वागणूक देऊ शकतो आणि बाहेरून येणारा मेल वाटेत स्पॅम गेटवेमधून, म्हणजे पुढे उभ्या केलेल्या गाळणी सर्व्हरमधून, जात असेल तर तो टप्पा आतून तपासलाच जात नाही. घरच्या ब्रॉडबँडवरून बाहेर जाणारे पोर्ट २५ बहुधा बंद असते, म्हणून बाहेरील एखाद्या भाड्याच्या सर्व्हरवरून, त्या सर्व्हरच्या सेवेच्या अटींत बसत असल्याची खात्री करून, आपल्या एमएक्स रेकॉर्डमधील (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणाऱ्या नोंदीतील) प्रत्येक नावाच्या पोर्ट २५ ला टेलनेटने, म्हणजे हाताने आदेश टाइप करण्याच्या साधनाने, जोडावे. आदेश अर्थातच रोमन अक्षरांत द्यायचे असतात. संभाषणाचा आकार साधारण असा असतो ('मेल फ्रॉम' म्हणजे प्रेषक, 'आरसीपीटी टू' म्हणजे प्राप्तकर्ता):

मेल फ्रॉम: <आपलाच बाहेरचा पत्ता>
२५० २.१.० ओके
आरसीपीटी टू: <नक्की अस्तित्वात नसलेला पत्ता, आपले डोमेन>
५५० ५.१.१ युझर अननोन

शेवटी ५५० आले तर तो एमएक्स ठीक आहे. तेथे २५० आले तर पुढे मजकूर देऊन मेल पूर्ण करावा आणि आपल्या बाहेरच्या पत्त्यावर बाउन्स येतो का ते पाहावे. बाउन्स आला तर दोष सिद्ध झाला. काहीच आले नाही तर कॅच-ऑल मेलबॉक्स (कोणत्याही पत्त्याचा मेल घेणारा) चालू आहे किंवा मेल गुपचूप फेकला जातो आहे. मेल गुपचूप फेकण्याचा विचार पुढे केला आहे. बाउन्स आलाच असेल तर तो लगेच डिलीट करू नये. त्याचा मूळ सोर्स उघडून आपल्या संस्थेची कोणती माहिती त्यात दिसते, ते ओळीने वाचावे.

त्यानंतर सर्व्हरवरील क्यू, म्हणजे पाठवायच्या मेलची रांग, पाहावी. पोस्टफिक्समध्ये बाउन्सचा प्रेषक रिकामा असतो आणि क्यूच्या यादीत तो 'मेलर-डीमन' असा दिसतो. रिकामा प्रेषक मुद्दाम ठेवलेला असतो, कारण बाउन्सचाही बाउन्स निघाला तर दोन सर्व्हर एकमेकांशी अखंड भांडत बसतील. सकाळी कार्यालय उघडण्यापूर्वी क्यूमध्ये मेलर-डीमनच्या नोंदींची रांग असेल, त्या परदेशातील अनोळखी डोमेनकडे निघालेल्या असतील आणि बहुतेकांसमोर 'कनेक्शन टाइम्ड आउट' किंवा 'मेलबॉक्स फुल' असे असेल, तर दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाही. पोस्टफिक्स असे बाउन्स मूळ सेटिंगनुसार ५ दिवस पुन्हा पुन्हा पाठवून पाहतो.

दोष कोठे असतो

नव्या पोस्टफिक्समध्ये अज्ञात प्राप्तकर्ता नाकारण्याची सोय मुळातच चालू असते. तरीही बॅकस्कॅटर होतो, कारण कोणीतरी नकळत ती निकामी केलेली असते. सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे संपूर्ण डोमेनचा उपनामाचा नियम. कंपनीचे नाव बदलले, नवे डोमेन घेतले आणि जुन्या डोमेनवरचा सगळा मेल नव्यावर वळवण्यासाठी व्हर्च्युअल उपनामांच्या तक्त्यात 'जुने डोमेन, नवे डोमेन' अशी एकच ओळ टाकली, की जुन्या डोमेनवरील कोणताही पत्ता, अगदी कीबोर्डवर आपटून लिहिलेलासुद्धा, पोस्टफिक्सला वैध वाटू लागतो. मेल स्वीकारला जातो, पत्ता नव्या डोमेनवर लिहिला जातो आणि तेथे तसा माणूस नसल्याचे उशिरा कळते. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. त्या एका ओळीऐवजी प्रत्येक खऱ्या कर्मचाऱ्याची स्वतंत्र ओळ लिहावी. माणसे जास्त असतील तर ती यादी छोट्या स्क्रिप्टने तयार करावी.

दुसरे कारण पुढे गेटवे आणि मागे खरा मेल सर्व्हर अशा रचनेत दडलेले असते. गेटवेवर डोमेन 'रिले डोमेन्स'मध्ये (ज्यांचा मेल पुढे द्यायचा त्या डोमेनच्या यादीत) असते, पण 'रिले रेसिपिएंट मॅप्स' (वैध पत्त्यांची यादी) रिकामे ठेवलेले असतात, त्यामुळे गेटवे सगळे घेतो आणि मागचा सर्व्हर नाकारतो. येथे खऱ्या पत्त्यांची यादी गेटवेला द्यावी. यादी सतत बदलत असेल तर 'रिजेक्ट अनव्हेरिफाइड रेसिपिएंट' हा नियम लावावा, म्हणजे गेटवे स्वीकारण्यापूर्वी मागच्या सर्व्हरला विचारून घेतो. या नियमाचा मूळ नकार ४५० असा तात्पुरता असतो. काही दिवस लॉग पाहून खात्री झाल्यावर तो ५५० करावा. मागचा सर्व्हर स्वतःच सगळे स्वीकारणारा असेल तर मात्र या विचारण्याला अर्थ राहत नाही.

मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्यांनी डोमेनचा प्रकार 'ऑथॉरिटेटिव्ह' आहे का ते पाहावे. स्थलांतराच्या काळात तो 'इंटर्नल रिले' केला जातो आणि काम संपल्यावर परत बदलायचे राहून जाते. तोवर अज्ञात पत्ते दारातच अडवण्याची सोय बंद असते.

बॅकअप एमएक्सविषयी मी स्पष्ट मत देतो: लहान संस्थेने तो काढून टाकावा. मे महिन्याच्या दुपारी वीज गेली, इन्व्हर्टरही दमला, तर मेल हरवतील या भीतीने होस्टिंगवाल्याकडचा दुसरा सर्व्हर एमएक्समध्ये टाकलेला असतो. त्याच्याकडे आपल्या कर्मचाऱ्यांची यादी नसते, स्पॅम फिल्टर ढिला असतो, आणि स्पॅम पाठवणारे हे ओळखून मुख्य सर्व्हर चालू असतानाही मुद्दाम त्याच दाराने येतात. तो जे स्वीकारतो ते आपला मुख्य सर्व्हर नाकारतो आणि बाउन्स त्या दुसऱ्या सर्व्हरवरून सुटतात. वास्तविक पाठवणारा कोणताही नीट सर्व्हर मेल ४ ते ५ दिवस स्वतःच्या क्यूमध्ये ठेवून पुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ मध्ये तशी अपेक्षाच आहे. काही तासांच्या वीजकपातीसाठी दुसऱ्या एमएक्सची गरज नाही. तो ठेवायचाच असेल तर मुख्य सर्व्हरवरील पत्त्यांची यादी आणि फिल्टर दोन्ही तेथे असायला हवेत.

फिल्टर, भरलेले मेलबॉक्स आणि सुट्टीचे उत्तर

२००३ मधील सोबिग-एफ आणि २००४ मधील मायडूम हे व्हायरस प्रेषकाचा पत्ता खोटा टाकत. तरीही अनेक अँटिव्हायरस गेटवे 'तुम्ही व्हायरस पाठवला आहे' असे त्या खोट्या पत्त्याला कळवत राहिले आणि व्हायरसच्या मेलवर या सूचनांच्या मेलची भर पडली. आजही जुन्या फिल्टरमध्ये 'प्रेषकाला कळवा' हा चौकोन खूण केलेला सापडतो. तो बंद करावा. अमाविस हा फिल्टर वापरत असाल तर स्पॅम आणि व्हायरस या दोन्हींसाठीची अंतिम कृती 'बाउन्स' नसल्याची खात्री करावी. फिल्टर क्यूच्या आधी, म्हणजे मिल्टर (संभाषणादरम्यानच मेल तपासणारा जोड-प्रोग्राम) म्हणून किंवा प्रॉक्सी पद्धतीने लावला तर संभाषण सुरू असतानाच नकार देता येतो, आणि तीच उत्तम व्यवस्था आहे. तसे जमत नसेल तर व्हायरस अलग ठेवावा आणि संशयित स्पॅम कर्मचाऱ्याच्या जंक फोल्डरमध्ये टाकावा. संशयित मेल गुपचूप फेकून देणे मात्र टाळावे. निविदेची मुदतवाढ कळवणारा खरा मेल असा नाहीसा झाला तर तो गेल्याचे ना पाठवणाऱ्याला कळते ना आपल्याला.

मेलबॉक्स भरल्याचे सर्व्हरला अनेकदा मेल स्वीकारल्यानंतर कळते. मेलबॉक्स सांभाळणाऱ्या डव्हकॉट या सॉफ्टवेअरमध्ये 'कोटा स्टेटस' नावाची सेवा आहे. ती पोस्टफिक्सला जोडली की भरलेल्या मेलबॉक्सचा नकार दारातच दिला जातो. फॉरवर्डिंगचा प्रश्न याहून चिवट आहे. आपण स्वीकारलेले स्पॅम जीमेलकडे पाठवतो, जीमेल ते नाकारते आणि बाउन्स आपल्या माथी येतो. बाहेर फॉरवर्ड करण्याऐवजी मोबाइलच्या मेल ॲपमध्ये कंपनीचेच खाते जोडून द्यावे. त्याने फायनल रेसिपिएंटमधून फुटणारा खासगी पत्ताही वाचतो.

दिवाळीच्या सुट्टीत लावली जाणारी स्वयंचलित उत्तरे हा बाउन्सचाच जवळचा नातेवाईक आहे. रिकाम्या प्रेषकाला, मेलिंग लिस्टला किंवा 'ऑटो सबमिटेड' हेडर असलेल्या मेलला उत्तर जाऊ नये आणि एकाच पत्त्याला रोज रोज उत्तर जाऊ नये. मेलचे नियम लिहिण्याच्या सीव्ह भाषेतील सुट्टीच्या सोयीत हा कालावधी मुळात ७ दिवसांचा असतो. त्या मजकुरात पर्यायी व्यक्तीचा मोबाइल क्रमांक आणि 'मी अमुक तारखेपर्यंत गावी आहे' हे लिहू नये, निदान बाहेरच्यांना जाणाऱ्या उत्तरात तरी नाही.

नकार दारातच द्यायचा म्हटल्यावर एक खरी अडचण उरते. कोणता पत्ता आहे आणि कोणता नाही हे विचारणाऱ्याला लगेच कळते, आणि नावांची यादी घेऊन एकेक पत्ता चाचपणारे बॉट याचाच फायदा घेतात. तरीही बॅकस्कॅटरपेक्षा हा धोका पत्करणे योग्य, कारण त्याला आवर घालता येतो. पोस्टफिक्स एका जोडणीत १० चुका झाल्यावर उत्तरे मुद्दाम संथ करतो आणि २० नंतर जोडणी तोडतो. या मर्यादा आणखी खाली आणाव्यात, वारंवार चुकणारे आयपी फेल-टू-बॅन या लॉग पाहून आयपी अडवणाऱ्या साधनाने रोखावेत आणि पत्ता आहे का हे विचारणारा 'व्हीआरएफवाय' हा आदेश बंद करावा. बाउन्ससोबत मूळ मेल किती जोडायचा याची पोस्टफिक्समधील मर्यादा ५०,००० बाइटची आहे. त्याहून मोठ्या मेलचे फक्त हेडर परत जाते. छोटी घातक फाइल या मर्यादेत सहज बसते, म्हणून मर्यादा काही हजार बाइटपर्यंत उतरवण्यास हरकत नाही.

बाउन्सचा मारा आपल्यावरच झाला तर

एखाद्या सकाळी लेखा विभागातील कर्मचाऱ्याच्या इनबॉक्समध्ये त्यांनी कधीच न पाठवलेल्या मेलचे शेकडो बाउन्स पडलेले दिसतात. अशा वेळी घाईने पासवर्ड बदलण्यापूर्वी, किंवा 'कोणीतरी आपले नाव वापरते आहे, आपण काय करणार' म्हणून सोडून देण्यापूर्वी, दोन शक्यता वेगळ्या करणे आवश्यक आहे. एका बाउन्समधील मूळ मेलचा 'मेसेज आयडी' घ्यावा आणि आपल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधावा. सापडला तर ते मेल खरोखर आपल्याच सर्व्हरवरून गेले आहेत, म्हणजे त्या खात्याचा पासवर्ड चोरीला गेला आहे: खाते तत्काळ बंद करावे, चालू सत्रे तोडावीत, क्यू रिकामी करावी आणि फॉरवर्डिंगचे कोणते गुप्त नियम टाकले गेले ते तपासावे. तो आयडी सापडला नाही आणि हेडरमधील 'रिसीव्ह्ड' ओळींत आपल्या सर्व्हरचे नाव कोठेच नसेल, तर पत्ता केवळ उसना घेतला गेला आहे.

दुसऱ्या स्थितीत रिकाम्या प्रेषकाचे सगळे मेल सरसकट नाकारण्याचा मोह होतो. तसे करू नये. आपल्याच कर्मचाऱ्यांना त्यांच्या चुकलेल्या मेलची सूचना मिळणे त्याने थांबते. एसपीएफ रेकॉर्ड (आपल्या डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ती नोंद) कडक करावे, डीकेआयएम ही मेलवरील डिजिटल सही लावावी आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास मेलचे काय करायचे ते सांगणारे धोरण) आधी केवळ अहवालासाठी सुरू करून, अहवाल समाधानकारक दिसल्यावर 'रिजेक्ट'पर्यंत न्यावा. जगातील जे सर्व्हर हे पाहतात ते खोटा मेल दारातच नाकारतात, आणि तेवढे बाउन्स निर्माणच होत नाहीत. याउपर मारा चालूच राहिला तर बीएटीव्ही ही पद्धत आहे. तीत बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या प्रेषक पत्त्यात मुदतीचा सांकेतिक शिक्का घातला जातो आणि शिक्का नसलेला बाउन्स परका समजून नाकारला जातो. काही मेलिंग लिस्ट आणि जुन्या प्रणाली अशा बदलत्या पत्त्यांमुळे गोंधळतात, म्हणून ती गरज पडल्यासच वापरावी.

लॉग टिकवणे हा येथे ऐच्छिक भाग नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपणे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. अनेक लिनक्स सर्व्हरवर मेलचे लॉग काही आठवड्यांनी आपोआप पुसले जातात. ती मुदत वाढवून लॉगची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवावी.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी स्वीकारण्याचे नियम बदलावेत, मग बाहेरून वरील चाचणी पुन्हा करावी, त्यानंतर क्यूमध्ये साचलेले बाउन्स काढावेत. काढताना फक्त मेलर-डीमनच्या आणि त्यातही बाहेरच्या डोमेनकडे निघालेल्या नोंदी निवडाव्यात. आपल्या कर्मचाऱ्यांकडे येणाऱ्या सूचना राहू द्याव्यात. ब्लॅकलिस्टमधून नाव काढण्याचा अर्ज सर्वांत शेवटी करावा. काही याद्या ठरावीक दिवस नवी तक्रार न आल्यास नाव आपोआप काढतात, तेथे पैसे भरून घाई करण्याचे कारण नाही. आणि क्यूमधील जुने बाउन्स सुटत असतानाच अर्ज केला तर नाव पुन्हा यादीत जाते आणि पुढच्या वेळी प्रतीक्षा अधिक लांबते.